शीतकपाटाचे निदान

घरातील एखादे यंत्र बिघडले असता ते आपण स्वतः उघडून पाहावे की जाणत्या कारागिराच्या हवाली करावे, हा प्रश्न वरवर पाहता खर्चाचा किंवा हौसेचा वाटतो. त्यात नीतिशास्त्रास काही वाव असेल असे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्याही आले नव्हते. परंतु गेल्या मे महिन्यात मुलुंड येथील आमच्या बिऱ्हाडातला फ्रीज बिघडला, त्याची चिकित्सा आपणच करावी असे आम्ही मनात घेतले, आणि चौथ्या दिवशी आमच्याच स्वयंपाकघरात, तिघांच्या देखत, एका अगदी साध्या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांस जड गेले. तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही.

शीतकपाट हा शब्द कोशात शोभतो. घरात त्यास फ्रीज म्हणतात आणि आम्हीही येथे तसेच म्हणू. आमच्या आधीच्या पिढीच्या घरात यंत्रे थोडी होती, आणि जी होती ती उघडी होती. स्टोव्हला पिन करणे, कंदिलाची वात कातरणे, फ्यूजची तार बदलणे, सायकलचे पंक्चर काढणे, शिवणयंत्राचा पट्टा तुटला तर जोडून घेणे, ही कामे घरातला कोणीही करी आणि त्याबद्दल कोणी त्याची पाठ थोपटीत नसे. फ्रीज आला तो निराळ्या दिमाखाने. विक्रोळीस जिची मोठी वसाहत आहे त्या गोदरेज कंपनीने १९५८ साली भारतात फ्रीज तयार करण्यास आरंभ केला. पण त्यानंतरही कित्येक वर्षे उपनगरातल्या चाळीत किंवा इमारतीत तो एखाद्याच घरी असे. कोणाकडे पाहुणा आला की शेजारचे पोर वाटी घेऊन बर्फ मागावयास येई. काही फ्रीजांच्या दारास कुलूप असे आणि किल्ली घरच्या बाईच्या कनवटीला. अशा वस्तूस हात लावावयाचा तो बाहेरून बोलावलेल्या माणसानेच, ही समजूत तेव्हापासून रुजली. आज फ्रीज घरोघर आहे, कुलूप गेले आहे, समजूत मात्र जागच्या जागी आहे.

आमच्या मते ही समजूत अर्धीच खरी आहे. ज्याचे दार आपण दिवसातून पन्नास वेळा उघडतो त्याच्या पोटात काय चालले आहे हे मुळीच ठाऊक नसणे, हे सुशिक्षित म्हणविणाऱ्यास फारसे शोभत नाही. शिवाय अज्ञानाची किंमत पडतेच. कारागीर येऊन जे सांगेल ते प्रमाण मानावे लागते, आणि तो गेल्यावर त्याच्यावर संशय घेतला जातो. म्हणजे आधी अंधविश्वास आणि मागाहून निंदा, अशी दोन्ही पापे पदरी पडतात. कारखानदारही ग्राहकाच्या या अज्ञानास हातभार लावतात. सुटे भाग मिळू नयेत, माहितीपुस्तिका मिळू नये, जुने टाकून नवे घ्यावे, अशी व्यवस्था जगभर वाढत गेल्यामुळेच ‘दुरुस्तीचा हक्क’ मागण्याची वेळ आली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली या प्रश्नासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारे, मोबाईल, मोटारी यांच्याबरोबर घरातल्या टिकाऊ वस्तूंचाही विचार केला. आपल्या पैशाने घेतलेली वस्तू उघडून पाहण्याचा अधिकार सरकारदरबारी मागावा लागावा, हे आमच्या आजोबांना सांगितले असते तर त्यांना ती थट्टा वाटली असती.

तेव्हा फ्रीजचे पोट थोडक्यात पाहू. फ्रीज थंडी निर्माण करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एका बंद नळीत कोंडलेला वायू बर्फाच्या कप्प्याभोवती उष्णता घेतो, तळाशी बसवलेला कॉम्प्रेसर त्यास दाबतो, आणि मागच्या जाळीत किंवा बाजूच्या पत्र्यामागे तो ती उष्णता स्वयंपाकघरात सोडून देतो. म्हणून चालू फ्रीजची बाजू हातास ऊन लागते. म्हणूनच उकाड्यात फ्रीजचे दार उघडे ठेवून खोली गार करू पाहणाऱ्याची खोली उलट तापते. एवढे ध्यानात घेतले की पुष्कळसे बिघाड घरबसल्या ओळखता येतात. आतला दिवा लागतो काय, हे पाहिले की वीज पोचते की नाही ते समजते. दाराच्या फटीत दहा रुपयांची नोट धरून दार लावावे. ती सहज ओढून निघाली तर दाराचे रबर सैल झाले आहे. भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचत असेल तर पाणी वाहून जाण्याचे बारीक छिद्र बुजले आहे. मागची जाळी धुळीने माखली असेल तर उष्णता बाहेर पडावी कशी? कॉम्प्रेसर गुणगुणून ‘टक्’ करून बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच करतो, तर विजेचा दाब कमी आहे किंवा यंत्र सुरू करून देणारी रिले ही चिमुकली वस्तू गेली आहे. यांपैकी निम्म्या गोष्टींस ओले फडके आणि थोडा धीर एवढेच साहित्य पुरते. प्लग काढल्यावाचून मागे हात घालू नये, आणि एकदा बंद केलेला फ्रीज पाच मिनिटे तरी पुन्हा सुरू करू नये, हे पथ्य.

पथ्याचा उल्लेख आला म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. आयुर्वेदात माधवकराचा रोगनिदानावरील ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. आपण मराठीत रोग ओळखण्याच्या साऱ्या क्रियेस निदान म्हणतो. वैद्यकात त्याचा मूळ अर्थ कारण असा आहे, आणि ते कारण बहुधा रोग्याच्याच आहारविहारात असते. पूर्वरूप म्हणजे रोगाची आगाऊ चाहूल. रूप म्हणजे प्रकट लक्षण. उपशय म्हणजे एखादे औषध देऊन पाहून त्यावरून रोग ताडणे. संप्राप्ती म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग कसा घडत गेला त्याचा उलगडा. मंगळवारी सकाळी आमच्या घरचे दूध नासले तेव्हा ही पंचसूत्री आम्हांस मोठ्या ऐटीने आठवली, आणि आम्ही ती फ्रीजला लावावयास बसलो.

रूप स्पष्ट होते. दिवा लागत होता. कॉम्प्रेसर चालू होता, पण थांबण्याचे नाव घेत नव्हता. बर्फाच्या कप्प्यात एका कोपऱ्यात वीतभर जागेवरच हिमाचा पापुद्रा होता, बाकी पत्रा कोरडा. बाजूचे पत्रे एरवी ऊन लागत ते जेमतेम कोमट. पूर्वरूपही होते: सोमवारी दिवसभर यंत्राची घरघर अखंड चालली होती, हे घरातल्या सर्वांनी ऐकले होते. आता ज्याने वरचा परिच्छेद वाचला आहे तोही सांगेल की ही लक्षणे वायू निसटल्याची आहेत. उचलणारा हमाल जागेवर आहे, पण त्याच्या हाती पाटीच नाही. आम्हांसही हे मंगळवारी दुपारपर्यंत कळावयास हवे होते. कळले नाही. त्याऐवजी आम्ही उपशयाकडे वळलो. तापमानाचा खटका मागेपुढे फिरवला, दाराचे रबर कोमट पाण्याने पुसले, मागचा भाग झाडला, आणि बुधवारी घाटकोपरच्या एका दुकानातून नवी रिले आणून बसवली.

रिलेचे काम यंत्र सुरू करून देणे. आमचे यंत्र सुरूच होते. चालत्या गाडीस धक्का मारण्यासारखा हा प्रकार होता, आणि तो आम्ही घामाघूम होऊन, तोंडात स्क्रू धरून, तासभर केला. वाचक विचारतील, एवढे ठळक विसंगत कृत्य शहाण्या माणसाच्या हातून घडते कसे? याचे उत्तर असे की पाचांपैकी पहिल्या साधनाकडे, म्हणजे निदानाकडे, आम्ही पाठ फिरवली होती. रविवारी रात्री बर्फाच्या कप्प्यात बर्फाचा थर साचला होता. बर्फ वितळवण्याची कळ दाबून तासभर थांबावयाचे, तर आम्हांस तेवढा धीर नव्हता. स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आम्ही तो थर खरवडला. मध्येच टोक कोठेसे रुतले आणि बारीकसा ‘सूं’ असा आवाज झाला. बर्फ तडकल्याचा असेल, असे ठरवून आम्ही दार लावले. ‘वाटून’ म्हणावयाचे होते. पण ‘ठरवून’ हाच शब्द खरा आहे.

बर्फाचा कप्पा ज्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा असतो त्या पत्र्याच्या अंगातच वायूच्या वाटा कोरलेल्या असतात. तो पत्रा पातळ असतो. सुरीचे टोक त्यास पुरते. आमच्यासारख्या एकदारी फ्रीजात वायू भरलेला असतो तो चार-पाच तोळ्यांहून अधिक नसतो. इतकी माहिती आम्हांस आधीपासून नव्हती असे नाही. म्हणूनच मन त्या दिशेस जात नव्हते. न्यायशास्त्रात चुकीच्या हेतूस हेत्वाभास म्हणतात आणि त्याचे प्रकार मोजले आहेत. पण जेथे हेतू डोळ्यांसमोर असून तो पाहावयाचाच नसतो, त्या प्रकाराची गणना नैयायिकांनी केली असावी की नाही कोण जाणे.

मनुष्यास कारण मात्र हवेच असते. खरे टाळावयाचे असले की जवळचे पकडतो. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या घरच्या मेजवानीत अमेरिकेहून गलबताने आलेल्या बर्फाचे पदार्थ पाहुण्यांस वाढले. पुढे यजमान व पाहुणे दोघांसही पडसे झाले, आणि ‘मुंबई समाचार’ने ते बर्फाच्या माथी मारले. मुंबईच्या जुन्या इतिहासातली ही गोष्ट मौजेची म्हणून सांगतात. बर्फ बिचारा निर्जीव होता. त्याच्यावर आळ आला तरी त्याचे काही बिघडले नाही. आमच्या घरी आळ आला तो माणसावर.

आमच्याकडे धुण्याभांड्यास येणाऱ्या बाई सोमवारी फ्रीज बाहेरून पुसून गेल्या होत्या. मंगळवारी दूध नासल्यावर आम्हीच प्रथम म्हणालो की दार नीट लागले नसेल. बाईंना आम्ही सांगितले, जरा चढ्या स्वरात, की पुसून झाल्यावर दार दाबून पाहत जा. त्या म्हणाल्या, “बरं काका.” बस्स, एवढेच. त्यांनी वाद घातला असता तर कदाचित आम्हांस विचार करावा लागला असता. सुशिक्षित घरांत काही हरवले, फुटले, बिघडले की पहिली नजर कोणाकडे वळते हे आपण सर्व जाणतो, आणि त्याविषयी लेखही लिहितो. बुधवारी आम्ही रिले बसवीत असता त्या तेथेच भांडी घाशीत होत्या.

दुसरी एक गोष्ट त्याहून निकडीची होती. आमच्या मातोश्रींस मधुमेह आहे आणि त्यांचे इन्सुलिन फ्रीजात असते. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. वापरात असलेली काही आठवडे बाहेर राहू शकते, पण मे महिन्यातले मुलुंडचे स्वयंपाकघर हे त्या ‘बाहेर’च्या व्याख्येत बसत नाही. आम्ही रोज म्हणत होतो की आज संध्याकाळपर्यंत होईल. गुरुवारी रात्री आमच्या एकाएकी ध्यानात आले आणि आम्ही धावत विचारावयास गेलो. मातोश्री म्हणाल्या, “ती मी मंगळवारीच शेजारच्या वहिनींकडे ठेवली. तुझं होईपर्यंत औषध काय तुझ्याकडे बघून गार राहणार होतं?”

स्वावलंबन हा सद्गुण आहे, यात वाद नाही. पण त्याचा खर्च ज्याचा त्याने आपल्या खिशातून करावा, ही अट त्यास आपण क्वचितच लावतो. आमच्या स्वावलंबनाचा खर्च त्या तीन दिवसांत मातोश्रींचे औषध आणि बाईंचे नाव या दोन खात्यांवर पडत होता, आणि आम्ही स्वतः मात्र कौतुकाची वाट पाहत होतो. पहिले खाते मातोश्रींनी स्वतः सावरले. दुसऱ्याकडे पाहणारे कोणी नव्हते.

शुक्रवारी भांडुपचा एक तरुण कारागीर आला. आम्ही त्यास आमच्या चिकित्सेचा सारा वृत्तांत सांगितला, नवी रिलेही दाखवली. त्याने ती पाहिली, काही बोलला नाही. कॉम्प्रेसरवर हात ठेवला, बाजूच्या पत्र्यावर ठेवला, कप्प्यात डोकावला आणि विचारले, “काका, बर्फ काढायला काय वापरता?” स्वयंपाकघरात त्या वेळी मातोश्री होत्या, बाई होत्या, आणि तो. आम्ही म्हणालो, “सुरी लागली असेल कधीतरी.”

आपली मराठी या कामी फार सोयीची आहे. काच फुटते, दूध उतू जाते, किल्ली हरवते, पेला हातून पडतो. कर्ता कोठेच नसतो. क्रियापदे अशी नम्र की ती आपणहून घडतात आणि घडवणाऱ्यास मागच्या दाराने जाऊ देतात. लहान मुलांस आपण हे व्याकरण प्रथम शिकवतो: “सांडलं वाटतं?” आणि मोठेपणी ते आपणांस आयते उपयोगी पडते. लेखकांची तर त्याहून सोय आहे. त्यांस ‘आम्ही’ असे म्हणता येते. या लेखात आरंभापासून आम्ही तेच करीत आहो. वाचकांनी ध्यानात ठेवावे की सुरी धरणारा हात एकच होता. मातोश्री जागेवरूनच म्हणाल्या, “लागेल कशी आपोआप? लावली असेल कोणीतरी.” तेव्हा आम्ही म्हणालो, “मी लावली. रविवारी.” कारागिराने मान हलवली आणि पेटी उघडली. त्यास त्यात नवल काही नव्हते. असे रोगी त्यास रोज भेटत असावेत. नळीत नायट्रोजनचा दाब देऊन त्याने पत्र्यावर साबणाचा फेस फासला आणि एका जागी मोहरीएवढा फुगा डुलू लागला. फुग्याकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो.

एक गोष्ट त्याच्याकडून आम्ही शिकलो ती येथे नमूद करतो. ‘गॅस संपला’ असे आपण म्हणतो ते चुकीचे आहे. बंद नळीतला वायू शेगडीतल्या गॅसप्रमाणे खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कोठून तरी गेलाच आहे. भोक न शोधता नुसता वायू भरून देणारा मनुष्य फुटक्या घागरीत पाणी ओततो आणि घागरीचेही पैसे घेतो. आणि हा भाग घरी करू पाहणाऱ्यास हात जोडून सांगावे लागते की तो करू नये. पुष्कळ नव्या फ्रीजांतला वायू आयसोब्युटेन आहे. स्वयंपाकाच्या गॅसचा तो भाऊबंद, आणि पेटण्यात त्याच्याइतकाच तत्पर. नळी डागावयाची ती ज्योतीनेच. तेथे हौस म्हणजे शेजाऱ्यांच्या छपराशी खेळ.

हा ज्वालाग्राही वायू फ्रीजात आला कसा, ही कथाही सुरीच्या कथेसारखीच आहे, केवळ तिचा विस्तार मोठा. आरंभीच्या फ्रीजांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू असत. ते झिरपून माणसे दगावत. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेत टॉमस मिजली व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या सुमारास क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातला, न पेटणारा व श्वासास निरुपद्रवी असा वायू सिद्ध केला. दुरुस्ती अशी नामी झाली की चाळीस वर्षे तिच्यात कोणास खोट दिसली नाही. १९७४ साली मोलिना व रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हा निरुपद्रवी वायू वर चढून ओझोनचा थर कुरतडतो. उत्पादकांनी ते आरंभी मानले नाही. इतर कारणे शोधण्यात बरीच वर्षे गेली. पुढे १९८७चा माँट्रिऑल करार झाला, भारत त्यात १९९२ साली सामील झाला, आणि २००८ साली आपल्याकडे, दमेकऱ्यांच्या औषधी फवाऱ्यांपुरता अपवाद ठेवून, या वायूंचे उत्पादन थांबले. मिजलीस दोष देण्याचे कारण नाही. त्यास ‘सूं’ असा आवाज ऐकू आला नव्हता. ज्यांना आला त्यांनी काय ठरवले, हा प्रश्न आहे.

तर मग आपण फ्रीज उघडावा की नाही? आम्ही तर पुन्हा उघडू. कारागिराने नळी जोडून, आतली हवा उपसून, वायू तोलून भरला. पत्र्यास लेप लावला तो किती दिवस टिकेल याची त्याने हमी दिली नाही, आणि त्याचे ते न देणे आम्हांस आवडले. नवी रिले आम्ही कपाटात ठेवली आहे. ती एखाद्या दिवशी कामास येईल, न आली तरी दिसत राहील. सुऱ्यांच्या खणात आता एक लाकडी उलथने आहे. बर्फाचा थर साचला की कळ दाबतो आणि खुर्ची घेऊन बसतो.

बाईंची क्षमा आम्ही त्याच दुपारी मागितली. त्या हसल्या, म्हणाल्या, “जाऊ द्या काका, यंत्र आहे, बिघडायचंच.” त्यांनीही तेच व्याकरण वापरले, आमच्यासाठी. या गोष्टीस आता बरेच महिने झाले. फ्रीज बरा चालला आहे. पण पुसून झाला की त्या अजूनही दार तळहाताने दोनदा दाबून पाहतात, आणि मग आम्ही खोलीत आहोत की काय, हे पाहतात.